परदेशी मित्र मुक्कामाला येतोय? त्याचा कोल्हापुरातला निवांत दिवस असा आखा

तीन आठवडे भारतभर फिरणारा मित्र मध्येच दोन-तीन रात्रींसाठी आपल्याकडं कोल्हापुरात उतरतो. येण्याआधीच त्यानं कळवलेलं असतं, "एक दिवस काहीही करायचं नाही, नुसतं तुमच्यासोबत घरी बसायचं." आपण वाचतो, मान डोलावतो आणि लगेच यादी करायला बसतो. पहाटे अंबाबाई, मग जोतिबा, तिथून पन्हाळा, दुपारी मटणाचं ताट, न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा, रात्री मामांकडं जेवण. तिसऱ्या दिवशी पाहुणा पोट धरून गाडीत बसतो आणि आपण म्हणतो, त्यांना आपलं पाणी सोसत नाही.

मी हे दोनदा केलंय. दुसऱ्या वेळी पाहुण्यानं निघताना अगदी नम्रपणे विचारलं, "तो निवांत दिवस कुठला होता?" तेव्हापासून आमच्या घरी हा दिवस आखून ठेवतात. रिकामा सोडला की शेजारी, मामा आणि आपली हौस मिळून तो भरून टाकतात. खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. क्रम उलटा झाला की काय बिघडतं, तेही सांगतो.

टप्पा १ : चार-पाच दिवस आधी, कागद आणि प्रश्न

कंटाळवाणं काम आधी. परदेशी पासपोर्टचा माणूस मुक्कामाला ठेवला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. त्यासाठीचा फॉर्म ('फॉर्म सी' या जुन्या नावानं ओळखला जाणारा) ऑनलाइन भरतात. हे हॉटेलवाल्यांचं काम असं समजून घरोघरी ते राहून जातं, पण नियम घरालाही लागू आहे. यजमानाला आधी संकेतस्थळावर आपल्या घराची नोंदणी करावी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ जाऊ शकतो. म्हणून पाहुणा दारात आल्यावर लॅपटॉप उघडू नका, चार-पाच दिवस आधी उघडा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो, पाहुण्याचा फोटो, भारतात उतरल्याची तारीख आणि पुढचा मुक्काम एवढं त्याच्याकडून आधीच मागून घ्या. अडलंच तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्यांना विचारा.

मग पाच प्रश्न. फोनवर गप्पांत विचारू नका, लिहून पाठवा. गप्पांत सगळेच "काहीही चालतं" म्हणतात.

१. काय खात नाहीस?

२. काय खाल्लं तर त्रास होतो? हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर आवडीनिवडीचं असतं, दुसऱ्याचं दवाखान्याचं. आपल्या पांढऱ्या रश्श्यात काजू आणि तीळ असतात, भाजीत शेंगदाण्याचं कूट असतं आणि ते आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की विचारल्यावरही आठवत नाही.

३. मांडी घालून जमिनीवर बसता येतं का?

४. आमच्याकडं येण्याआधीच्या दोन रात्री कुठं झोपणार आहेस?

५. धुवायचे कपडे किती असतील?

चौथा प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण पुढचा दिवस त्याच्यावरच ठरतो. हंपीहून रात्रभर बसनं आलेला माणूस आणि मुंबईत दोन दिवस पडून राहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरलेला माणूस यांची सकाळ सारखी नसते.

*तपासा:* फॉर्मची नोंदणी झाली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात जो स्वयंपाक करणार आहे त्याच्यापर्यंत पोचलं? तुम्हाला कळलं आणि आईला कळलं नाही, तर काहीच उपयोग नाही.

टप्पा २ : खोली

नवीन चादर, फुलदाणी, देवघरातली अगरबत्ती यांवर वेळ घालवू नका. पाहुण्याची झोप चार गोष्टींवर अवलंबून असते: अंधार, डास, पंखा आणि रात्री बाथरूमला जायची वाट. पडदा पातळ असेल तर आतून जाड चादर अडकवा. मच्छरदाणी असेल तर ती लावून दाखवा, कारण ती उघडायची कुठून हे त्याला कळत नाही. आमचे एक पाहुणे रात्रभर तिच्या बाहेर झोपले होते.

बाथरूम एकदाच, पण नीट दाखवा. गिझरचं बटण कुठं, गरम पाण्याचा नळ कुठला, बादली-मग कशासाठी. कागद लागतोच, तो आणून ठेवा आणि तो टाकायला झाकणाचा डबाही. कागद ठेवला आणि डबा ठेवला नाही, तर पुढं काय होतं ते प्लंबर सांगेल.

विजेचं पण बघा. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. युरोपातला बारीक दोन गोल पिनांचा चार्जर आपल्या सॉकेटमध्ये बहुधा बसतो. जर्मनीतला जाड गोल प्लग नीट बसत नाही आणि ब्रिटनचा चपट्या पिनांचा तर नाहीच, तेव्हा एक अ‍ॅडॉप्टर आणून ठेवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असतं, ते चालतात. तिकडून आणलेला केस वाळवायचा ड्रायर मात्र आपल्या विजेवर जळू शकतो. लावण्याआधी त्यावरचा आकडा वाचा.

पाणी: खोलीत झाकलेला तांब्या आणि शेजारी सीलबंद बाटली. फिल्टरचं किंवा उकळलेलं पाणी बाथरूमच्या बेसिनजवळही ठेवा. पिण्याचं पाणी सगळे सांभाळतात, पण दात घासून चूळ भरताना नळाचं पाणी तोंडात जातंच.

टप्पा ३ : आदल्या रात्री, नातेवाईक आवरणं

सगळ्यात अवघड टप्पा हा. कोल्हापुरात पाहुणा आला ही बातमी दडत नाही. आत्याचा फोन येतो, "उद्या दुपारी जेवायलाच आणा." मामा म्हणतात, "आमच्याकडं नुसतं चहाला." नुसता चहा म्हणजे चिवडा, लाडू, भजी आणि दीड तास, हे आपल्याला ठाऊक असतं.

नाही म्हणायची गरज नाही, वेळ द्यायची गरज आहे. आमच्या घरचं ठरलेलं वाक्य असं: "मामा, उद्या संध्याकाळी सातला तुम्हीच या, वहिनींना पण आणा. आत्या पण येणार आहेत." सगळ्यांना एकच तास, आपल्याच घरी. मामा रागावत नाहीत, उलट आत्या येणार म्हटल्यावर जरा लवकरच येतात. पाहुण्यालाही सांगून ठेवा की सात ते आठ या वेळेत माणसं येतील, फोटो काढतील, पगार विचारतील, लग्नाचं विचारतील. आधी माहीत असलं की त्याला ते चौकशीसारखं वाटत नाही.

घरातल्यांशीही एक बोलणं करा. आमच्या आईला मी सांगितलं होतं, "आई, तो उशिरा उठला तर आजारी नाही. जेवला कमी तर रागावला नाही. खोलीचं दार लावलं तर काही चुकलं नाही." तिसरं वाक्य तिला पटायला वेळ लागला. दिवसा दार लावून बसणारा माणूस आपल्याकडं एक तर अभ्यास करतो, नाही तर रुसलेला असतो.

*सावध:* "उद्या काय करू या?" असं पाहुण्याला विचारू नका. तो भिडेपोटी "तुम्ही म्हणाल ते" म्हणतो आणि तुम्ही त्याचा अर्थ पन्हाळा असा काढता. त्याऐवजी सांगा: "उद्या सकाळी काही नाही. दुपारी जेवण घरी. साडेपाचला रंकाळ्यावर जाऊ. नको असेल तर तेही नको."

टप्पा ४ : सकाळ

उठवू नका. चहा घेऊन दार वाजवू नका. मुलांना सांगा, हॉलमधला टीव्ही नको.

आता घड्याळाचं गणित. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागं असते, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे डिसेंबरात आपण सकाळी सातला हाक मारतो तेव्हा नुकताच आलेल्या जर्मन मित्राच्या शरीरात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. पूर्वेकडं आलेल्या माणसाला रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी जाग येत नाही, त्यात आळस नाही. शरीर साधारण दिवसाला एखाद्या तासानं नव्या वेळेशी जुळतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्याचा फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा, म्हणजे दिवसाची जवळपास रात्रच. असा माणूस पहाटे तीनला टक्क जागा होऊन भुकेलेला बसलेला असू शकतो. त्याच्या खोलीत रात्रीच दोन केळी आणि बिस्किटांचा पुडा ठेवा.

भारतात येऊन दोन आठवडे झाले असतील तर हे सगळं विसरा. त्याचं घड्याळ जुळलेलं आहे, तो फक्त दमलेला आहे. कितीही झोपू द्या.

नुकताच आला असेल तर मात्र उठल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणात उजेडात बसवा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला नवी वेळ लवकर कळते. चहाची साखर वेगळी द्या. न्याहारी साधी: पोहे, उप्पीट, थालीपीठ, दही.

मिसळ नको का? मिसळीची घाई नको, एवढंच. रिकाम्या पोटी कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, ही पाहुण्याला दिलेली शिक्षा आहे. अगदी मागितलीच तर अकरानंतर द्या. मटकी, फरसाण, स्लाइस ब्रेड वेगळे, कट वेगळ्या वाटीत, आणि चमच्यानं त्यालाच घालून घेऊ दे. आपण वरून ओतलं की संपलं.

*सावध:* गंगावेशीतला दूध कट्टा दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाचा पेला. दाखवा जरूर, फोटो काढू द्या, पण प्यायला देऊ नका. दूध न उकळलेलं असतं आणि लहानपणापासून सवय नसलेल्या पोटावर तो प्रयोग सुट्टीत करायचा नाही. पाहुणा हौशी निघाला, तर धारोष्ण दूध घरी आणून उकळून द्या. चव थोडी जाते, दिवस वाचतो.

टप्पा ५ : धुणं आणि मंडई

लांबच्या प्रवासातल्या माणसाला सगळ्यात मोठी भेट म्हणजे वॉशिंग मशीन. त्याला ते मागायला संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच काढा. नऊच्या आत मशीन लावा, म्हणजे दुपारपर्यंत गच्चीवर कपडे वाळतात. बाराला लावलं तर संध्याकाळी दमट कपडे बॅगेत जातात. कपडे मशीनमध्ये त्यालाच टाकू द्या आणि दोरीवरही त्यालाच घालू द्या. आपल्या घरातल्या बाईनं आपले कपडे हाताळावेत हे अनेकांना अवघड होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गच्चीवर विसंबू नका, आदल्या रात्रीच धुवून पंख्याखाली टाका.

मग घरातलं एखादं रोजचं काम. आमच्याकडं कपिलतीर्थ मंडईत भाजी आणायला जातात. पाऊण तासाचं काम: कोथिंबीर, लिंबं, दोन वांगी, एक नारळ. कुठलंही तिकीट काढावं न लागता पाहुण्याला जे बघायला मिळतं ते सगळं तिथं असतं. त्याच्या हातात पिशवी द्या. पिशवी धरलेल्या माणसाकडं कुणी फारसं टक लावून बघत नाही, हा माझा अनुभव. माणसांचे फोटो काढण्याआधी विचारायचं, एवढं त्याला सांगा.

जायची इच्छा नसेल तर राहू दे. आमचा एक पाहुणा तीन तास गच्चीच्या पायरीवर पुस्तक वाचत बसला होता. आई चार वेळा वर जाऊन बघून आली.

टप्पा ६ : दुपारचं जेवण

इथं सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून इथं जरा थांबू.

पहिली चूक म्हणजे "थोडं कमी तिखट करते" म्हणून सगळं एकाच पातेल्यात करणं. कोल्हापुरी घरातलं कमी तिखट हे फक्त कोल्हापुरातच कमी तिखट असतं. चटणी घातल्यावर ती काढता येत नाही. तेव्हा चटणी घालण्याआधीच पाहुण्याचं काढून घ्यायचं. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण घातलेली लाल चटणी, हे कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी.

सुदैवानं आपल्या मटणाची रीतच अशी आहे की हे सहज जमतं. क्रम असा ठेवा:

१. कांदा तेलावर परतून मटण, आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ घाला. मटणाला पाणी सुटलं की गरम पाणी घालून शिजवा. गार पाणी ओतलं की मटण निबर होतं.

२. मटण शिजल्यावर वरचं पाणी, म्हणजे अळणी, वेगळं काढा. पाहुण्याच्या नावाची एक वाटी इथंच बाजूला. तिखट अजिबात नसलेलं हे सूप त्याला हमखास आवडतं. पाच-सहा मटणाचे तुकडेही इथंच काढा.

३. उरलेल्या अळणीचे दोन भाग. एकात नारळाचं दूध, काजू-तीळ-खसखशीचं वाटण आणि खडा मसाला, म्हणजे पांढरा रस्सा. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फाटतं. हिरवी मिरची घालायची असेल तर पाहुण्यासाठी अख्खी घाला आणि वाढताना काढा. काजूचा किंवा तिळाचा त्रास असेल तर त्याच्यासाठी नुसत्या नारळाच्या दुधात करा आणि वाटणाचा चमचा त्या पातेल्यात बुडवू नका.

४. दुसऱ्या भागात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी, म्हणजे तांबडा. घरच्यांसाठी नेहमीसारखा होऊ दे. पाहुण्यासाठी सगळ्या घरानं सपक खायची गरज नाही.

५. सुकं सगळ्यात शेवटी.

वाढतानाही क्रम पाळा. आधी अळणी, मग पांढरा, मग भाकरी आणि त्याचे काढून ठेवलेले तुकडे, आणि सगळ्यात शेवटी तांबडा, छोट्या वाटीत, चव बघायला. तांबडा आधी दिला की जीभ भाजते आणि पुढचं काहीच कळत नाही. आपण पाहुण्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून हसतो, तो हसतो, आणि जेवण तिथंच संपतं.

*तिखट लागलंच तर:* पाण्याचा पेला पुढं करू नका. मिरचीतला तिखट घटक पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतो. दही, दूध, भातावर तूप, हे आधीच ताटाजवळ असू द्या.

शाकाहारी पाहुणा असेल तर अख्खा मसूर, झुणका, भरलं वांगं यांत भागतं. कूट घालायच्या आधी टप्पा १ मधला दुसरा प्रश्न आठवा. दूधदुभतंही न खाणारा असेल तर तूप, दही, ताक, दुधाचा चहा सगळंच बाद, आणि फोडणी तुपाची आहे का हे नीट बघा. गव्हाचा त्रास असलेल्याला ज्वारीची भाकरी देवासारखी धावून येते. फक्त परात आणि तवा चपातीचे वापरले असतील तर आधी घासून घ्या.

कच्ची कोशिंबीर फिल्टरच्या पाण्यात धुवून जेवायच्या वेळीच चिरा. सकाळी चिरून ठेवलेला कांदा-काकडी नको. बर्फ बाहेरून आणू नका.

आता आग्रह. आपल्याकडं पहिलं "नको" हे शिष्टाचाराचं असतं, दुसरं लाजेचं, तिसरं खरं. त्यांच्याकडं पहिलंच खरं असतं. शिवाय ताटात टाकू नये असं त्यालाही शिकवलेलं असतं. मग तो ताट रिकामं करतो, ताट रिकामं दिसलं की आपण वाढतो, आणि हे चाक फिरत राहतं. आमच्याकडं तिसऱ्या भाकरीनंतर हे लक्षात आलं. जेवायला बसण्याआधीच त्याला शिकवा: पोट भरलं की ताटावर आडवा हात धरायचा आणि "बास" म्हणायचं. एवढा एक शब्द आला की तो दिवसभर पुरतो.

मांडी घालता येत नसेल तर टेबलावर सगळेच बसा. त्याला एकट्याला वर आणि बाकीचे पाटावर, असं करू नका. त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

टप्पा ७ : दुपारची झोप

हा टप्पा कोल्हापूरला शिकवायला नको. पण अट आहे. नुकताच परदेशातून उतरलेला असेल तर अर्ध्या तासाचा गजर लावा, नाही तर तो दुपारी तीन तास झोपतो आणि रात्रभर छत बघतो. तुम्हीही आडवे व्हा. यजमान जागा राहून भांडी आवरत बसला की पाहुणा अपराधी चेहऱ्यानं मदतीला उभा राहतो.

*तपासा:* गच्चीवरचे कपडे वाळले? उन्हाळ्यात चारच्या पुढं वळवाचे ढग आले तर आधी कपडे आणा, मग चहा टाका.

टप्पा ८ : संध्याकाळची एकच फेरी

एकच. रंकाळा किंवा देऊळ किंवा खासबाग मैदान किंवा चप्पल. "जाताजाता" हा शब्द आजच्या दिवशी वापरायचा नाही.

माझं मत रंकाळ्याला. चालायचं सपाट, बसायला कट्टा, कंटाळा आला तर घर जवळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सात वाजत येतात. त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी चौपाटीच्या बाजूला पोचा, म्हणजे पाण्यापलीकडं शालिनी पॅलेसच्या अंगाला ऊन उतरताना दिसतं. रविवार टाळा. रविवारी अख्खं कोल्हापूर तिथं निवांत होत असतं.

खाण्याचा नियम सोपा: विस्तवावरून थेट हातात येतं ते चालतं. भाजलेलं कणीस, गरम शेंगा. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उघड्यावर कापलेली फळं नकोत. भेळ फारच मोह पाडत असेल तर सुकी, कच्चा कांदा आणि ओली चटणी न घालता. भेळवाला आपल्याकडं बघेल, बघू दे. अंधार पडायच्या वेळी डास येतात, बाह्या खाली करा आणि मलम लावा. भटक्या कुत्र्याला गोंजारायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

अंबाबाईलाच जायचं म्हणाला तर अंगभर कपडे, आणि मंगळवार-शुक्रवार टाळा. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९ ते ११ नोव्हेंबर हे किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात म्हणून त्या संध्याकाळी गर्दी असते. बघण्यासारखंच असतं, पण निवांत नसतं.

पावसाळ्यात वेगळा विचार करा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आकडा ३९ कडं सरकत असेल तर पूर बघायला म्हणून पाहुण्याला घाटावर नेऊ नका. त्याची पुढची गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार आहे, ते आधी बघा.

चप्पल घ्यायचीच असेल तर ती आजच्या फेरीत, आणि फक्त ती. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, ही माहिती दुकानात उभं राहून सांगायला बरी. कामाची गोष्ट पुढं आहे: कातडं वापरानं सैलावतं, म्हणून घेताना पायाला घट्टच घ्या, पण बोटं दुमडतील इतकी नाही. आणि नवी चप्पल पायात घालून दुकानातून बाहेर पडू देऊ नका. आमच्या पाहुण्यानं ती घातली आणि रंकाळ्याला फेरी मारली. पुढचे चार दिवस तो गोव्यात अनवाणी होता. घरी आणून आतून बोटानं तेल लावा, रात्रभर ठेवा, मग रोज पंधरा-वीस मिनिटं घरातल्या घरात. भिजवायची नाही.

टप्पा ९ : रात्र आणि बॅग

सातला मामा येतील, आठला उठतील. नाही उठले तर पाहुण्याला "तुझा फोन यायचा होता ना?" असं विचारून खोलीत पाठवा आणि तुम्ही बसा. जेवण साडेआठच्या आत आणि हलकं: मुगाची खिचडी, कढी, पापड. दुपारचा तांबडा उरला असेल तर तो तुमचा.

घरात मीठ-साखरेची (ओआरएसची) पाकिटं असू द्या. पोट बिघडलं तर पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजूनच मिसळायचं, अंदाजानं नाही. ताप, रक्त, किंवा दिवसभरात न थांबणारे जुलाब दिसले तर काढे-ओवा बाजूला ठेवून डॉक्टर.

शेवटी आईचे डबे. पाहुणा इथून थेट मायदेशी जाणार असेल तर आधी विचारा, कुठल्या देशात उतरणार. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाच्या सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप दोन्ही गळाले. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर कागदावर जाहीर करावी लागते, लपवली तर जबर दंड. चटणी द्यायची तर काचेच्या बरणीत नको, दोन जाड पिशव्यांत बांधून, मोठ्या बॅगेत, कपड्यांपासून लांब. दुपारी धुतलेला पांढरा शर्ट तिच्याशेजारी ठेवू नका.

आमच्या आईनं पेढ्यांचा डबा तरीही काढून ठेवला होता. पाहुण्याला नियम समजावून सांगितल्यावर त्यानं रात्री दहाला खिचडीच्या वर चार पेढे खाल्ले. आडवा हात धरायला तो नेमका तेव्हा विसरला.